नारळाचा नंबर

चूक तिची निघावी आणि ती मी शोधावी, एवढंच मला हवं होतं. मालक फोनवर सांगत होते की हैदराबादच्या तपासनीसानं आपल्या नव्या काट्याच्या एन्क्रिप्शनमध्ये खोट काढली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत शेतकऱ्यांची कंपनी एकही काटा घेणार नाही. मी "अरे देवा, आता हो?" असं म्हणत होते. आतून मात्र मला बरं वाटत होतं. एन्क्रिप्शनचा कोड तिचा होता.

ती म्हणजे आमच्या लातूरच्या ऑफिसातली. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि ती. आमची कंपनी लहान आहे, मुख्य ऑफिस नांदेडला. अडत दुकानांत आणि डाळ मिलमध्ये लागणारे इलेक्ट्रॉनिक काटे आम्ही बनवतो. काट्याच्या पोटात एक चिप असते. त्या चिपनं काय करायचं ते सांगणारा कोड पहिल्यापासून मी लिहीत आले. कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, "मॅडमला विचारा." हे वाक्य मला पगाराइतकंच लागतं, हे ती येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती आली आणि वर्षभरात लोक म्हणायला लागले, "लातूरला विचारा."

माझ्यापेक्षा ती बरीच लहान. उदगीरकडच्या व्यापारी घरातली, लिंगायत. बोलते हळू, हसते पटकन. कोड असा लिहिते की वाचणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटावं. मालक एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तिचा कोड उघडला की स्वच्छ स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटतं." माझंही स्वयंपाकघर स्वच्छ असतं. तिथं कुणी कौतुक करायला येत नाही.

घरीही तेच. माझ्या सासूबाई माझ्या वरणाला आजवर 'बरं झालंय' ह्यापलीकडे गेलेल्या नाहीत. ती एकदा मीटिंगसाठी नांदेडला आली आणि आमच्याकडे जेवली, तर सासूबाईंनी तिची नारळानं ओटी भरली. ती गेल्यावर म्हणाल्या, "किती गुणाची हाय बाई. बोलती बी किती हळू." मी भांडी घासत होते. मला ऐकू जावं म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला. नवरा म्हणाला, "हुशार माणसं असतातच शांत." मी पातेलं जरा जोरात ठेवलं.

नव्या काट्यात आम्ही काम वाटून घेतलं होतं. वजनाचं, पावतीच्या छपाईचं, पडद्यावरच्या आकड्यांचं सगळं माझं. पावतीला नंबर देणं आणि निरोपाला कुलूप लावणं तिचं. मालकांनी सांगून ठेवलं होतं की हा काटा चालला तर पुढं सगळा कोड एकाच माणसाच्या हातात द्यायचा, आणि कोणाच्या ते दिवाळीनंतर ठरवायचं. त्यांच्या मनात कोण आहे हे मला कळत होतं. म्हणून तो फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. जे आहे ते आहे.

कुलूप कशासाठी, ते सांगते. हा काटा वजन झालं की ते बिनतारी पाठवतो. दुकानातला कॉम्प्युटर ते घेतो आणि पुढं शेतकऱ्यांच्या कंपनीला कळवतो. बाजारात कुणी मोबाईलएवढं यंत्र घेऊन बसला तर मधल्यामधे कुणाचा किती माल आला, काय भावानं गेला, सगळं वाचू शकेल. म्हणून काटा निरोप पाठवण्याआधी त्यात आकड्यांची एक गुप्त रांग मिळवतो. दुकानातल्या कॉम्प्युटरला तीच रांग काढता येते, तो ती वजा करतो आणि वजन मोकळं होतं. ही रांग दोन गोष्टींपासून तयार होते, एक किल्ली आणि एक नंबर. किल्ली कायम तीच. म्हणून नंबर मात्र प्रत्येक वेळी नवा लागतो. एकच नंबर दोनदा वापरला तर दोन निरोपांत एकच रांग मिसळते. मग कुणीही एका निरोपातून दुसरा वजा करावा, रांग उडून जाते. उरतो तो दोन वजनांमधला फरक. त्यातलं एक वजन माहीत असलं तर दुसरं आयतं हातात.

तिनं नंबर म्हणून दिवसाची तारीख आणि पावतीचा क्रमांक घेतला होता. पावतीचा क्रमांक दिवसात दोनदा येत नाही, तारीख परत येत नाही. कागदावर बिनचूक.

तपासनीसानं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बसून पकडलेल्या निरोपांत मात्र जोड्या निघाल्या. तारीख तीच, क्रमांक तोच, आतला मजकूर वेगळा. सगळ्या जोड्या क्रमांक एकच्या. नांदेडच्या दुकानांतून एकही नाही, सगळ्या लातूरच्या. आमच्या टेबलावरच्या काट्यात तर काही केल्या येईनात.

मी तिचा कोड वाचायला घेतला. खरं सांगायचं तर मी तो आधी कधी नीट वाचलाच नव्हता. आपण ज्याच्यावर जळतो त्याचं काम आपण वाचत नाही, फक्त त्याच्याबद्दल ऐकतो. आमची चिप इतकी लहान की मोठ्या संख्यांची बेरीज एका दमात तिला जमत नाही. ती तुकड्यातुकड्यानं करावी लागते आणि प्रत्येक तुकड्याचा हातचा पुढच्यात न विसरता घालावा लागतो. बऱ्याच लोकांची चूक इथंच होते. मी हातचे एकेक करून तपासले. तिनं एकही सोडला नव्हता. उत्तर ठरलेली उदाहरणं असतात, ती घालून पाहिली. सगळी बरोबर. एका ठिकाणी तिनं दोन पायऱ्यांची एक केली होती. मी तिथं बराच वेळ थांबले, कारण ते मला सुचलं नसतं. माझ्या घशाशी जे आलं त्याला कौतुक म्हणतात असं मला वाटत नाही.

मग मी तिला फोन लावला.

"ताई, मी पण तेच करून राहिले सकाळपासून," ती म्हणाली. "मला काहीच दिसंना."

"तिकडं कुणी काटा मध्येच बंद करतं का? पहिली पावती छापताना?"

"न्हाई ताई."

"पहिली पावती रद्द करतात का कधी?"

ती हसली. "पहिली पावती कोण रद्द करंल ताई? अपशकुन. दिवसभर धंदा बसायचा. तेवढं सोडून काय बी विचारा."

मी रद्द करून पाहिलंच होतं. दिवसाच्या मधली पावती रद्द केली की तिच्यावर रद्दची खूण बसायची आणि पुढची पावती पुढचाच क्रमांक घ्यायची. बरोबर होतं. मग माझा संशय घड्याळावर गेला. काट्यात एक घड्याळाची चिप असते. लाईट गेल्यावर ती मागं पडत असली तर तारीख परत येईल, क्रमांक परत एकपासून सुरू होईल. लातूरला लाईट जाते, काट्यात नवीन घड्याळं बसवलीत, सगळं जुळत होतं. घड्याळाची चिप निवडली होती मी. तिचं स्वयंपाकघर स्वच्छ आणि घाण माझ्या मोरीत, असं निघालं असतं तर मी नोकरी सोडली असती की नाही सांगता येत नाही, पण तोंड लपवलं असतं नक्की. मी घड्याळाला नाना प्रकारे छळलं, लाईट काढली, घातली, गरम केलं. ते कुठं चुकलं नाही. मला बरं वाटलं आणि हाती काहीच लागलं नाही.

मालक म्हणाले, "मॅडम, तिकडं जाऊनच या एकदा. तुम्ही दोघी मिळून बघा."

मिळून. मी दुपारची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, दोन्हीकडं काढणी झालेली सोयाबीनची रानं, आणि गाडीभर लोक सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होते. मी डोळे मिटून मालकांना सांगायचं वाक्य जुळवत होते. "साहेब, चूक सापडली. चूक कुलपाच्या कोडमध्येच आहे." एवढं पुरेसं होतं. 'तिच्या' म्हणायचं नाही, 'कुलपाच्या' म्हणायचं. सभ्य दिसतं.

मुक्कामाला ती मला तिच्या घरी घेऊन गेली. लॉज बघते म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. घर साधंच. पण तिथं मी एक गोष्ट बघितली आणि ती तिच्या कोडपेक्षा जास्त टोचली. जेवणाआधी ती थोडा वेळ कॉम्प्युटरसमोर बसली होती. शेजारीण काही मागायला आली, तर तिच्या सासूनं दारातच सांगितलं, "ती कामात हाय. काय पाहिजे मला सांगा." आणि दार हळूच ओढून घेतलं. माझ्या घरी मी चिपच्या आत शिरलेली असताना हाक येते, "अगं, गॅसवर दूध ठेवलंय, बघ." मी उठते, दूध बघते आणि परत येते तेव्हा हातचा कुठं होता ते विसरलेली असते. तिच्या हुशारीचा मी आजवर हेवा करत होते. त्या दिवसापासून त्या ओढून घेतलेल्या दाराचा करते.

सकाळी आम्ही तिच्या स्कूटीवर बाजारात गेलो. आमचा काटा जिथं चाचणीला ठेवला होता ते दुकान तिच्या चुलत्यांचंच होतं. ती त्यांना अप्पा म्हणते. म्हातारा गृहस्थ, कपाळाला भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, तोंडानं तिखट. आदल्या दिवशी सौदा झालेला माल मापाला लागायचा होता. पोती रचलेली, हमाल तंबाखू मळत बसलेले, आणि पाच-सहा शेतकरी काट्याभोवती उकिडवे.

मी अप्पांनाही विचारलं, "पहिली पावती कधी रद्द करता का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दुकानाला आग लावायला आले आहे. "बाई, सकाळी सकाळी असलं बोलू नये."

मी एका पोत्यावर बसले आणि बघत राहिले.

अप्पांनी काट्याची पाटी ओल्या फडक्यानं पुसली. कडेला तीन बोटांनी भस्म ओढलं, बेलाचं पान ठेवलं, उदबत्ती ओवाळली. मग एक नारळ पाटीवर ठेवला. शेतकऱ्यांतला एकजण म्हणाला, "अप्पा, देवाचं झालं असंल तर आमचं बी बघा."

"देवाचं झाल्याबिगर तुझं कसं व्हायचं?"

"न्हाई, इचारतो आपलं. नारळाचं बी मातेरं कापून घेता का ओ?"

मातीकचऱ्यापोटी दुकानदार वजनातून जे कापतो ते मातेरं. सगळे हसले. अप्पाही हसले, पण हात थांबला नाही. त्यांनी बटण दाबलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "लाभ!" आमच्याकडं धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, पहिल्या मापाला लाभ म्हणतात. पावती बाहेर आली. अप्पांनी ती फाडून महादेवाच्या तसबिरीपुढं ठेवली, नारळ उचलला, काट्याला हात लावून कपाळाला लावला आणि जाताजाता आणखी एक बटण दाबलं. मग हमालानं पहिलं पोतं पाटीवर टाकलं. अप्पा पुन्हा म्हणाले, "लाभ!"

दोनदा लाभ.

ती माझ्या शेजारी डोळे मिटून हात जोडून उभी होती. ती दुकानदाराची मुलगी, काटा सुरू होताना ती देवाकडं बघते. मी मुखेडकडच्या शेतकऱ्याची. वडील मला मापाला न्यायचे तेव्हा एकच सांगायचे, "तोंडाकडं बघू नको, काट्याकडं बघ." मी उठून शेतकऱ्यांमध्ये घुसले आणि पोत्याची पावती बघितली. क्रमांक एक. मग तसबिरीपुढची पावती बघितली, हात न लावता, वाकून. क्रमांक एक.

"अप्पा, नारळाची पावती रद्द केलीत ना तुम्ही?"

"रद्द? कोण म्हणतं? ती पुसली नुसती. देवाचं माप आपल्या हिशेबात धरायचं नसतंय."

"कोणतं बटण दाबलं?"

त्यांनी लाल बटणाकडं बोट केलं. लाल बटण रद्दचं.

माझ्या मागून तिचा आवाज आला. "ताई... नारळ."

मला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचं डोकं माझ्यापेक्षा लवकर तिथं पोचलं असणार. तिच्या कोडमध्ये एक ओळ होती. दिवसाच्या पहिल्या पावतीची खूण सापडली तर पुढचा क्रमांक घे, सापडली नाही तर एकपासून सुरू कर. मी ती ओळ वाचली होती. तारीख बदलली की एकपासून, एवढाच अर्थ मी घेतला होता. पण पहिलीच पावती रद्द केली की ती खूणही पुसली जायची. काट्याच्या लेखी दिवस लागलेलाच नसायचा. तो पोत्याला पुन्हा एक देत होता, आणि कुलूप नारळाची रांग पोत्यावर घालत होतं. दुकानातला कॉम्प्युटर रद्द झालेल्याच्या जागी नवीन घेऊन गप्प बसायचा. कुणाचंच काही अडत नव्हतं. फक्त ऐकणाऱ्याला एका मापाचं वजन आधीच माहीत होतं, कारण नारळ अर्ध्या किलोच्या आसपासच भरतो.

"असं का लिहिलंस?" मी विचारलं.

"तसंच असतंय ना ताई. पहिलं माप टिकल्याशिवाय दिवस लागत न्हाई. मी लिहिलं कधी ते बी आठवंना. हातानंच लिहिलं."

नांदेडचे दुकानदार उदबत्ती लावून मोकळे होतात, नारळ तोलत नाहीत. तपासणीच्या टेबलावर तर देवच नव्हता. ही चूक फक्त लातूरकडच्या दुकानात वाढलेल्या मुलीच्या हातून व्हायची होती आणि फक्त लातूरच्या दुकानात दिसायची होती.

मला आनंद झाला. झाला नाही म्हटलं तर खोटं होईल. मी पदर खोचला, फोन काढायला पिशवीत हात घातला. तोवर तिनं स्वतःचा फोन कानाला लावला होता.

"सर, सापडलं! ताईंनी पकडलं. हाव, ताईंनीच. माझीच चूक हाय सर, शंभर टक्के माझी. मी जन्मभर बघत आले तरी मला दिसलं नसतं. ताई आल्या, उभ्या राहिल्या आणि पकडलं."

मी एसटीत जुळवलेलं वाक्य ती बोलून बसली होती. तेही माझ्यापेक्षा चांगलं. फोन ठेवून तिनं माझे दोन्ही हात धरले आणि हसत सुटली. मला वाटलं होतं ती पडेल, रडेल, निदान कान तरी लाल होतील. ज्या माणसाला हेवा वाटत नाही त्याला हरवून काही मिळत नाही, हे मला तिथं पोत्यांच्या धुळीत उभं राहून कळलं. फार उपयोगाचं ज्ञान नाही.

अप्पांनी तो नारळ माझ्या हातात दिला. "घ्या बाई. प्रसाद हाय. तुमच्या कंपनीला सांगा, नारळ बंद होणार न्हाई."

नारळ बंद करायचा नव्हताच. दुरुस्ती वेगळीच होती. पावतीला नंबर आणि कुलपाला नंबर, हे दोन्ही आता वेगळे करायचे. पावतीचा क्रमांक दुकानदाराच्या मर्जीनं एकपासून सुरू होवो. कुलपाचा नंबर मात्र काट्याच्या जन्मापासून फक्त पुढं जाईल, कुणी काहीही रद्द केलं तरी. लातूरच्या ऑफिसच्या त्या खोलीत, दोन टेबलांवर आम्ही दोघी बसलो आणि मी अर्ध्या तासात लिहून टाकलं. प्रत्येक मापाला नंबर एकानं वाढवायचा आणि चिपच्या कायमच्या जागेत जपून ठेवायचा, म्हणजे लाईट गेली तरी आठवण राहील.

तिनं वाचलं. "चांगलं झालंय ताई." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, "निरोप गेला आणि नंबर जपायच्या आधीच लाईट गेली तर?"

तो नंबर परत येणार होता. मी ओळींची अदलाबदल केली. आधी जपायचा, मग निरोप पाठवायचा.

"आता बरोबर," ती म्हणाली. "पण ताई, हंगामात हजार-बाराशे मापं होतात दिवसाला. ती जागा झिजंल की. किती वेळा लिहू देती चिप?"

हे मला माहीत होतं. चिपमधल्या त्या जागेवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, मग ती पुसट होत जाते. काही वर्षं निघाली असती. मी म्हटलं, "काही वर्षं निघतील."

"हाव, निघतील," ती म्हणाली आणि माझ्या टेबलावरच्या कागदावर पेन्सिलनं काहीतरी मांडायला लागली. तिनं असं केलं. दर वेळी एकेक नंबर जपायचा नाही. आधीच एकदम हजारानं पुढचा आकडा जपून ठेवायचा, आणि मग ते हजार मधल्यामधे खर्च करायचे. लाईट गेली तर उरलेले सोडून द्यायचे. परत आल्यावर पुढच्या हजारापासून सुरू. नंबर वाया जातील, पण परत कधी येणार नाहीत. आणि लिहावं लागेल हजारात एकदा.

मी कागदाकडं बघत राहिले. आमची आई कणगीतून आठवड्याची ज्वारी काढायची. काढलेली उरली तर ती परत कणगीत टाकायची नाही, कोंबड्यांना जायची. बाहेरची हवा लागलेला दाणा आत गेला की कीड लागते, असं तिचं म्हणणं. हा नियम मी माझ्या आईच्या घरात लहानपणापासून बघत आले होते. तिच्या नारळासारखाच. आणि तो कोडमध्ये आणला तिनं, व्यापाऱ्याच्या मुलीनं, जिच्या घरात कणगी नसेलही. जळफळाट म्हणजे काय हे मला त्या क्षणी अगदी नेमकं सांगता आलं असतं.

संध्याकाळी मालकांचा फोन माझ्याकडं आला. ती चहा आणायला खाली गेली होती.

"मॅडम, दोघींचंबी आलंय. दोन्ही चालून राहिलं इथं. कुणाचं घालू? ती म्हणती ताईंना विचारा. तुमच्यावर सोडलं."

माझं घातलं असतं तर चाललं असतं. तपासनीसानं पास केलं असतं. झिजेचं कुणाला कळायला वर्षं लागली असती आणि तोवर दिवाळी होऊन गेली असती, सगळा कोड माझ्या हातात आला असता. मी खिडकीतून बघितलं. ती खाली टपरीवर चहावाल्याशी हसून बोलत होती, आणि तो कप धुऊन देत होता. दुपारी मला त्यानं तसाच दिला होता.

"मॅडम?"

मुखेडकडं दिवसातून लाईट किती वेळा जाते ते मला माहीत आहे, आणि झिजलेल्या जागेला लाईट गेली की काहीच आठवत नाही. पाच-सात वर्षांनी एखाद्या दुकानात ती जागा झिजलेला काटा पोती उतरल्यावर अडून बसणार, काट्याभोवती उकिडवी माणसं बसणार, आणि तो काटा उघडायला मलाच जावं लागणार. उघडल्यावर आत माझंच काम दिसणार, आणि त्याहून चांगलं काम माझ्या टेबलावर होतं हे मला आठवणार. तेवढा वेळ मी तोंड वाकडं करून जगू शकले नसते.

"तिचं घाला," मी म्हटलं.

"बरं. मग मॅडम, पुढचं सगळं तिच्याकडंच देऊ का? तुम्हाला राग न्हाई ना?"

"राग आहे. द्या तिच्याकडं. पण एक अट आहे. तिनं लिहिलेली एकही ओळ माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काट्यात जाणार नाही. लेखी द्या."

"लेखी?"

"हो. आणि लोकांना सांगा."

ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला अट सांगितली. मला वाटलं आता तरी तिचा चेहरा पडेल. ती म्हणाली, "लई बरं झालं ताई. मला भीती वाटत होती की तुम्ही माझा कोड बघायला न्हाई म्हणाल." चहा गोड होता. मी पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. पिशवीतून नारळ काढून ओट्यावर ठेवला तर सासूबाई म्हणाल्या, "लातूरवालीनं दिला का गं? किती ध्यान असतंय तिचं."

"तिनं नाही दिला. मी पकडला."

"नारळ काय पकडायचा असतोय?" त्या म्हणाल्या, आणि फोडून चटणीला घेतला.

चाचणी पार पडली, काटे गेले. आता दर आठवड्याला तिचा कोड माझ्याकडं येतो. मी तो वाचते तेव्हा आमच्या खोलीचं दार मी स्वतः ओढून घेते आणि सांगून ठेवलं आहे की दूध उतू गेलं तरी हाक मारायची नाही. एकदा गेलंही. इतक्या वाईट मनानं कोड वाचणारं माणूस आमच्या कंपनीत दुसरं नाही, आणि म्हणून ह्या कामाला माझ्यापेक्षा चांगलं माणूसही नाही. सुरुवातीला दोन चुका सापडल्या. लहान होत्या, पण मी त्या मोठ्या अक्षरात कळवल्या. तिनं दोन्ही वेळा 'लई उपकार ताई' असं लिहून पाठवलं.

गेल्या काही आठवड्यांत एकही सापडलेली नाही. कोड आला की मी एकदा वाचते, काही निघत नाही, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते.